पलीकडचा झोत

सरांच्या खगोल-संशोधन गटात एक नेम होता. दीर्घिकेचं चित्र एकट्याने काढायचं नाही. दोघांनी काढायचं, आणि दोघांनी एकमेकांचं बघायचं नाही. ठरलेल्या दिवशी दोन्ही चित्रं सगळ्यांसमोर एकदम उघडायची. सर याला ‘पाठीला पाठ’ म्हणत.

दुर्बीण म्हटली की डोळा लावून बघायची वस्तू, असं मानणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण रेडिओ दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. त्या असतात मोठाल्या थाळ्या, आणि एकमेकींपासून इतक्या दूर की एकीवर दिवस मावळतो तेव्हा दुसरीवर उजाडत असतं. सगळ्या मिळून आकाशातल्या एकाच जागेकडे कान लावतात. ऐकू येतं ते तुटक, कारण मधे जिथे थाळी नाही तिथलं कुणीच ऐकलेलं नसतं. हे तुकडे कॉम्प्युटरवर जुळवून चित्र उभं करायचं आणि गाळलेल्या जागा भरायच्या. त्यासाठी सुरुवातीला आपणच एक अंदाज द्यावा लागतो, की बाबा रे, इथे इथे काहीतरी असावं. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. आपण असावं म्हणू तिकडे तो झुकतो. म्हणून दोघांनी आपापल्या अंदाजावरून निघायचं आणि तरी एकाच ठिकाणी पोचलो तर हात जोडायचे, की हे आकाशातलं आहे, आपल्या मनातलं नाही.

मनाचा भरवसा काय सांगावा! देवासमोर डोळे मिटून उभं राहिलं तरी माणूस बराच वेळ स्वतःचीच मागणी ऐकत असतो.

त्या वर्षी सरांनी जी दीर्घिका काढायला दिली तिला गटात ‘म्हातारी’ म्हणत, कारण ती एका अंगावर कललेली दिसे. म्हातारीच्या पोटात एक अवाढव्य कृष्णविवर होतं. त्याच्याभोवती घुसळणाऱ्या वायूतला काही भाग आत पडायच्या ऐवजी भन्नाट वेगाने बाहेर फेकला जाई आणि त्याचा लांबच लांब झोत होई. हा झोत एकाच बाजूला दिसायचा. हिशेबाने तो दोन्ही बाजूंना असायला हवा. आपल्या दिशेने येणारा उजळ दिसतो, पलीकडे जाणारा मंद. पण मंद म्हणजे किती मंद? पेटत्या कंदिलाच्या काचेवर काजवा बसला तर तो लांबून दिसेल का, असा हा प्रश्न. पलीकडचा झोत अजून कुणालाच दिसला नव्हता. आणि ताईला तो बघायचा होता. तिच्या कामाच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने मनापासून मागितली होती.

ताई म्हणजे गटातली सगळ्यात जुनी बाई. तिला ताई म्हणणारी खरी एकच, तिची धाकटी बहीण चिमी. पण पुढे सगळी कचेरीच म्हणायला लागली, सरसुद्धा. ताईने लग्न केलं नाही. केलं नाही की झालं नाही, यावर तिचं आणि आईचं अजून एकमत नव्हतं. वडील लवकर गेले. चिमीच्या वेण्या घालण्यापासून तिच्या परीक्षांना बाहेर बाकावर बसून राहण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. आणि चिमीला नवरा आणला तोही ताईनेच. म्हणजे झालं असं, की गटात नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याला तिने घरी जेवायला बोलावलं. तो मीठ मागतानाही फळ्यासमोर उभा असल्यासारखा मागत होता. चिमी फिस्सकन हसली आणि म्हणाली, “मास्तर, मीठ उजव्या हाताला आहे, नीट लिहून घ्या.” वर्षाच्या आत तो जावई झाला आणि मास्तर हे नाव जन्माचं चिकटलं.

म्हातारीसाठी सरांनी ताई आणि मास्तर या दोघांना पाठीला पाठ बसवलं, तेव्हा गटात जरा कुजबुज झाली. घरचीच माणसं ती. सर म्हणाले, “घरची आहेत म्हणून तर नेम जास्त पाळतील. परक्याला फसवायला माणूस कचरत नाही, घरच्याला फसवायला कचरतो.”

आणि नेम पाळलाही त्यांनी. सुट्टीच्या दिवशी चिमी आणि मास्तर जेवायला येत. गळक्या नळापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर बोलणं होई, पण म्हातारीचं नाव कुणी काढत नसे. आईला याची फार गंमत वाटे.

“काय गं, एका टेबलावर जेवता, एका ठिकाणी नोकरी करता, आणि कामाचं एक अक्षर नाही?”

“नेम आहे आई.”

“नेम देवाचा करतात. म्हातारीचा कसला नेम? मी म्हातारी इथे बसले आहे, माझा कुणी नेम करत नाही. जावईबापू, तुम्ही तरी सांगा.”

“मला बोलायची बंदी आहे, आई,” मास्तर म्हणे आणि खाली मान घालून जेवे. त्या महिन्यांत त्याचं जेवण कमी झालं होतं. ताईच्या ते लक्षात आलं होतं. तिला वाटलं, काम जिव्हारी लागलंय बिचाऱ्याच्या.

आईचा गुडघा धरला तेव्हा ताईने काही दिवस घरूनच काम केलं. चित्र पूर्ण झालं तेही घरीच, भर दुपारी, खिडकीशी लावलेल्या टेबलावर. उजळ गाभा, त्याच्या एका अंगाने निघालेला सरळ झोत. आणि दुसऱ्या अंगाला, अगदी पुसट, श्वास घेतला तर पुसलं जाईल असं काहीतरी. त्याच्या टोकाशी एक छोटा ठिपका. ताईने खुर्ची मागे सारली, उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली. होतंच ते तिथे.

त्या दुपारी चिमी आली. आईसाठी शेकायची पिशवी घेऊन आली होती. पिशवी आत दिली आणि ताईच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“झालं का गं तुझं?”

“झालं म्हणायचं.”

“मग दाखव.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“नाही कळत म्हणून तर दाखवायला हरकत नाही. मास्तरला नको दाखवूस. मला दाखव. पूर्वी काहीही काढलंस की आधी मला दाखवायचीस. मी नावं ठेवायची, मग तू रडायचीस.”

“मी रडायचे? तू रडायचीस!”

“तेच ते. दाखव.”

ताई विरघळली. इतके महिने पोटात ठेवलेलं कुणाला तरी दाखवावं असं तिला वाटतच होतं, आणि नेम होता तो चित्र काढणाऱ्यांसाठी. चिमी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. तिला एक पांढरा डाग आणि दुसरा पांढरा डाग यात काय फरक? तिने स्क्रीन वळवली. हा गाभा, हा अलीकडचा झोत. आणि आता नीट बघ, डोळे बारीक कर.

“कुठे? ... अगं हो! जिभेसारखं काहीतरी.”

“आणि टोकाला?”

“ठिपका. किती गोड गं!” चिमीने मागून येऊन हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली, लहानपणी टेकवायची तशी. “हे आतापर्यंत कुणीच पाहिलं नाहीये?”

“तू आणि मी.”

आतून आईची हाक आली, “अगं, मला कुणी उठवतंय की मी इथेच मुक्काम करू?” ताई उठून गेली. आईला उठवलं, पिशवी गरम करून गुडघ्याला लावली, उशी सारखी केली. परत आली तेव्हा चिमी पदराने स्क्रीन पुसत होती. “किती धूळ गं, ताई,” ती म्हणाली. “एवढं आकाश बघता आणि काच पुसत नाही.” दोघी हसल्या.

ताईने चित्र सरांकडे सोपवलं. एकदा सोपवलं की त्यात बदल करायचा नाही, हाही नेमच. आणि सोपवून झाल्यावर तिला आपली चूक सापडली.

सगळ्यात लांबच्या थाळीचं घड्याळ निरीक्षणाच्या मधेच काही वेळ बिघडलं होतं. घड्याळ चुकलं की त्या थाळीने ऐकलेलं सगळं वेळेत सरकतं आणि चित्रात नसलेल्या गोष्टी उगवतात. तेवढा भाग टाकून द्यायचा, असा निरोप मास्तरनेच गटात सगळ्यांना पाठवला होता. प्रत्येक थाळी दोन वेगळ्या वाटांनी ऐकते. ताईने एका वाटेवरचा बिघडलेला भाग टाकला होता आणि दुसऱ्या वाटेवरचा तसाच राहिला होता. तिने तो काढून चित्र पुन्हा मांडून बघितलं. ठिपका गेला. सपशेल गेला. झोत मात्र राहिला, आणखी पुसट, असल्या-नसल्यासारखा.

ताईला हसूही आलं आणि लाजही वाटली. पण तिने हिशेब केला, की मास्तरने तो भाग पुरता टाकलेला आहे. त्याच्या चित्रात ठिपका नसणार. आणि झोत असला, तर मग झोत खरा! उद्या दोन्ही चित्रं उघडली की आपण उठून सांगू, ठिपका माझ्या वेंधळेपणाचा, त्याला पुसा. हसतील. हसू देत. सकाळी आंघोळ करून देवापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “देवा, मास्तरला झोत दिसू दे. ठिपका तेवढा दिसू देऊ नकोस.” अशी विचित्र मागणी त्याच्याकडे क्वचितच कुणी केली असेल.

बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल एका पायात लंगडं होतं. त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवून सर नेहमीप्रमाणे वैतागले, बिस्किटांचा डबा फिरवला, आणि म्हणाले, “चला, वळवा पाठी. म्हातारीचं तोंड बघू.”

दोन स्क्रीन एकदम उजळल्या.

डावीकडे ताईचं चित्र, उजवीकडे मास्तरचं. दोन्हींत उजळ गाभा. दोन्हींत अलीकडचा झोत. दोन्हींत पलीकडे ती पुसट जीभ. सर उठून उभे राहिले. पांढऱ्या भुवयांखाली त्यांचे डोळे भरून आले होते.

“ठिपक्यासकट!” ते म्हणाले. “अरे, ठिपकासुद्धा जागच्या जागी!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी ताईच्या पाठीवर थाप मारली. ताई मास्तरच्या चित्रातल्या त्या ठिपक्याकडे बघत होती.

मायेच्या माणसाची पहिली धाव असते ती समोरच्याला सोडवण्याकडे. ताईनेही तेच केलं. ठिपका खरंच आकाशात असेल. नाही, कसा असेल, बिघडलेला भाग काढला की तो जातो. मग मास्तरही माझ्यासारखाच चुकला असेल, अर्धाच भाग टाकला असेल. हो, तसंच असेल. देवा, तसंच असू दे. तिने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “मास्तर, लांबच्या थाळीचा बिघडलेला भाग तू टाकलास ना? दोन्ही वाटांचा?”

“म्हणजे काय!” मास्तर म्हणाला, आणि टाळ्यांच्या भरात त्याची छाती जरा फुगली. “मीच तर सगळ्यांना कळवलं होतं. मुळापासून उपटून काढलाय.”

आपण काय बोललो हे त्याला कळलंच नाही. ताईला कळलं.

“सर,” ती म्हणाली, “बाहेर कळवायला उद्यापर्यंत थांबा. एक गोष्ट तपासायची राहिली आहे माझी.”

“आता काय तपासणार, ताई? दोघांची चित्रं शिक्क्यासारखी जुळली आहेत.”

“म्हणूनच, सर.”

घरी जाताना ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. चित्र तिच्या कॉम्प्युटरवर होतं आणि सरांच्या कुलपात होतं. सर कुलूप उघडून देणारे नव्हते. मग ते मास्तरपर्यंत गेलं कसं? चिमीकडे मन वळत होतं आणि ताई त्याला पुन्हा पुन्हा मागे ओढत होती.

आईने दार उघडलं. गुडघा बरा होता. “काय झालं गं? दोघांचं जुळलं?”

“जुळलं.”

“मग तोंड असं का? बरं, ऐक. चिमीला सांग, त्या दिवशी तिने फोनवर तुझ्या चित्राचा फोटो काढला ना, तो मला मोठा करून आण म्हणावं. भिंतीवर लावते. मला दारातून दिसलं काढताना, म्हटलं आता मला दाखवायला आणेल. पण ती तशीच गेली. विसरली असेल.”

ताईने चप्पल काढलीच नव्हती. ती तशीच वळली.

चिमीच्या दुकानात एक मोठी खिडकी होती, तिच्या उजेडात ती एका पुतळ्याच्या खांद्यावर कोट बेतत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या. ताईला बघून डोळ्यांनीच हसली आणि स्टुलाकडे बोट केलं. ताई बसली नाही.

“चिमे, तू माझ्या चित्राचा फोटो काढलास.”

चिमीने एक टाचणी ओठांतून काढून उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या संपल्याशिवाय तिला बोलावं लागणार नव्हतं.

“आई म्हणाली?”

“आईला वाटतंय तू तिच्यासाठी काढलास.”

“ताई, त्याला काही दिसतच नव्हतं गं.” चिमीचा आवाज एकदम फुटला. “सगळं करून झालं त्याचं. हा अंदाज घाल, तो घाल. एक बाजू यायची आणि दुसरी कोरी. म्हणायचा, ताईंना दिसलं असणार, त्यांचा हात बसलाय, मलाच जमत नाहीये. म्हणायचा, चित्रं उघडली की माझं कोरं दिसेल आणि सर मला पुन्हा काही देणार नाहीत. जेवण नाही, झोप नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी म्हटलं, मी बघून येते.”

“तू म्हटलंस?”

“मीच. तो नको म्हणाला.”

“नको म्हणाला ना?”

“एकदा म्हणाला. परत विचारलं तेव्हा गप्प बसला.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताई म्हणाली, “म्हणजे शेकायची पिशवी, काय काढलंस दाखव, मी नावं ठेवायची नि तू रडायचीस, हे सगळं घरून ठरवून आली होतीस.”

“सगळं नाही.”

“मग काय नाही?”

“खांद्यावर हनुवटी ठेवली ते नाही. ते खरं होतं, ताई. देवाशप्पथ.”

ताईला वाटलं, हिने खोटंच सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. मग मागाहून एक शब्द तिच्या कानात पोचला.

“थांब. काय म्हणालीस? त्याची दुसरी बाजू कोरी यायची?”

“हो ना. कोरी. कितीही केलं तरी. म्हणून तर ...”

आता मात्र ताई स्टुलावर बसली, कापडाच्या तुकड्यांवरच. “अगं वेड्यांनो,” ती हळूच म्हणाली, “तेच तर विचारलं होतं त्याला. त्याला जे दिसतं तेवढंच. कोरी तर कोरी. तेच त्याचं उत्तर होतं. मला जी जीभ दिसली ती कदाचित माझ्या हावरेपणाची होती, आणि ते मला एकटा तोच सांगू शकत होता.”

चिमीला त्यातलं किती कळलं देव जाणे. ती रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं नाही. हात पुढे जात होता, तिने तो मांडीखाली दाबून धरला.

सकाळी मास्तर कचेरीच्या जिन्यात तिची वाट बघत उभा होता. रात्रभर घरात काय झालं असेल ते चेहऱ्यावर लिहिलेलं.

“ताई, मी फोटोवरून नुसत्या जागा घेतल्या. अंदाज म्हणून. बाकी सगळं माझ्याच आकड्यांतून आलं.”

“तू अंदाजात जे घातलंस तेच बाहेर आलं. माझी चूकसुद्धा. ठिपका माझ्या चुकीचा आहे, मास्तर. बिघडलेला भाग टाकल्यावर तो कुणाच्याच चित्रात यायला नको.”

मास्तरने कठडा धरला.

“तू सांगतोस सरांना की मी सांगू?”

“मी सांगतो. तुम्ही काही बोलू नका, ताई. मला नीट सांगू द्या. एवढं तरी मला करू द्या.”

आणि ताईने पुन्हा विश्वास ठेवला. काय करणार, सवय होती.

कालचंच टेबल, कालचीच माणसं. मास्तर उभा राहिला, घसा साफ केला, आणि फळ्यासमोरच्या आवाजात म्हणाला, “सर, एक सांगायचंय. आम्ही एकाच घरातली माणसं आहोत, तेव्हा आमच्याकडून नेम जरा सैल झाला. ताईंनी त्यांचं चित्र घरी दाखवलं होतं, आणि ते माझ्यापर्यंत आलं. त्याचा परिणाम माझ्या कामावर झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

खोलीतली सगळी डोकी ताईकडे वळली. एकही शब्द खोटा नव्हता. शिंप्याने एकाच्या मापाने शिवलेल्या कोटासारखं होतं ते. कापड तेच, अंगावर मात्र दुसऱ्याच्या चढवलेलं.

“ताई?” सर म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “तू दाखवलंस?”

चिमीने काय केलं ते सांगितलं तर बहिणीचं नाव या टेबलावर पडणार होतं, आणि नाही सांगितलं तर आपलं पडलंच होतं.

“दाखवलं, सर. माझ्या धाकट्या बहिणीला. तिने माझ्या पाठीमागे फोटो काढून नेला, ते मला काल कळलं.” तिने मास्तरकडे बघितलं नाही. “माझ्या चित्रातला ठिपका खोटा आहे. बिघडलेला भाग अर्धा राहून गेला, ती चूक माझी. तोच ठिपका मास्तरच्या चित्रात आहे, म्हणजे त्याचं चित्र त्याचं नाही. मास्तर, तुझं आधीचं चित्र दे. ज्यात पलीकडची बाजू कोरी होती ते. तेच एक खरं आहे आपल्या दोघांचं मिळून.”

“ते ... ठेवलं नाही,” मास्तर म्हणाला.

“म्हणजे?”

“पुसलं. नवं जमल्यावर.”

बिस्किटांचा डबा उघडाच राहिला होता. सरांनी त्याचं झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून.

“आकडे आहेत, तेव्हा चित्र पुन्हा निघेल,” ते म्हणाले. “पण तुमच्यापैकी कुणी काढायचं नाही. तुम्ही दोघांनी आता ते बघितलंय. बघितलेलं डोळ्यांतून काढता येत नाही. म्हातारी मी दुसऱ्यांना देतो.”

“सर, मला ...” ताई म्हणाली आणि थांबली. त्यांचं बरोबर होतं. तिने स्वतःही परत मांडून बघितलं असतं तर कधी जीभ दिसली असती, कधी नसती, आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचाच संशय आला असता.

दुसऱ्या दोघांनी काम केलं, लांबच्या दोन वेगवेगळ्या संस्थांतल्या, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांची चित्रं जुळली. पलीकडची बाजू दोघांचीही कोरी. झोत नाही असं नाही, पण असला तर या थाळ्यांना ऐकू येईल त्याहून मंद आहे, एवढं आता ठामपणे म्हणता येत होतं. चांगलं काम होतं. सगळीकडे वाखाणलं गेलं. ताईने ते शांतपणे वाचलं. मास्तरने ज्या चित्रापायी झोप घालवली आणि मग पुसून टाकलं, ते हेच होतं. त्याला ते कुणी सांगितलं की नाही, तिला ठाऊक नाही. तो गटातून गेला होता, कुठेशी शिकवायला लागला होता. ताईला सरांनी दुसरं काम दिलं, पण पाठीला पाठ बसवायची वेळ आली की तिचं नाव आता कुणी घेत नसे. चिमी त्यानंतर ताईकडे जेवायला आली नव्हती. आईने काय झालं ते एकदाच विचारलं आणि उत्तर ऐकून फोटोचा विषय कायमचा सोडला.

पुढे आईने चिमीकडे राहायला जायचं ठरवलं, थोडे दिवस. चिमी तिला न्यायला आली. दारातच उभी राहिली, आत यायचं की नाही ते न कळल्यासारखी.

“ये की आत,” ताई म्हणाली. “पिशवी भरून होतेय.”

ताई आईचे कपडे घडी करून पिशवीत ठेवत होती. चिमीने एक घडी उचलली, उलगडली, परत घातली. दुकानातल्यासारखी, कडेला कड.

“आईच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. जेवणानंतरच्या आहेत, आधी देऊ नकोस. ती तुला फसवायला बघेल.”

“मी कशाला फसवू?” आई आतून म्हणाली. “मला काय, दोघीही सारख्याच.”

चिमी हसली नाही. “ताई,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “तू मला माफ केलंस हे मला कळतं. तू बोलतेस, गोळ्या समजावतेस. पण परत मला कधी काही दाखवशील?”

ताईने पिशवीची चेन अर्ध्यावर थांबवली. ‘बघू’ म्हणता आलं असतं. चिमीला तेवढंच पुरलं असतं. लहानपणापासून ‘बघू’ म्हटलं की ती हो समजायची. पण खोटं आता या घरात पुरे झालं होतं.

“नाही,” ताई म्हणाली. “येत जा. जेवायला ये, मास्तरलाही आण, मी काही बोलणार नाही. जीव आहेच गं तुझ्यावर, तो कुठे जाणार? पण दाखवणार नाही काही.”

चिमीने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

ताईने चेन लावली. पिशवी जड होती. ती चिमीने खांद्याला अडकवली. आईचा एक हात ताईने धरला, एक चिमीने. आईला मधे घेऊन तिघी जिना उतरायला लागल्या, सावकाश, कारण आईचा गुडघा घाई चालवून घेत नव्हता. प्रत्येक पायरीवर आई विचारत होती, “धरलंय ना गं नीट?” आणि दोन्ही बाजूंनी दोघी म्हणत होत्या, “हो आई.”